गाडीचा हीटर गार हवा का देतो? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

दिवाळी उलटून रब्बीची पेरणी आटोपली, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. उन्हाळाभर एसीविषयी विचारणारे वाचक आता हीटरविषयी विचारू लागतात. या महिन्यात मराठवाड्याच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या पत्रांतली तक्रार वरवर पाहता एकच आहे : पंखा फिरतो, हवा येते, पण ती गरम नसते. कारणे मात्र वेगवेगळी आहेत, म्हणून ही पत्रे एकत्र घेतली आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे. तपासणी कोणत्या क्रमाने करावी हे त्यात आले असून पुढच्या उत्तरांना तोच आधार आहे.

प्रश्न : माझ्याकडे सात वर्षांची डिझेल गाडी आहे. नोकरीसाठी रोज पहाटे परभणीहून जिंतूरकडे जावे लागते. तापमानाचा खटका पूर्ण गरमकडे ठेवला तरी गाव येईपर्यंत गार हवाच येत राहते. पंख्याचा जोर चांगला आहे. तापमानाचा काटा नेहमीप्रमाणे मध्यावर असतो. गॅरेजमध्ये दाखवले तेव्हा ‘हीटरची कॉइल चोक झाली आहे, डॅशबोर्ड उतरवून बदलावी लागेल’ असे सांगण्यात आले. खर्च बराच मोठा आहे. तो करावा का? (एक शिक्षक, परभणी)

उत्तर : डॅशबोर्ड उतरवण्याचा निर्णय आत्ताच घेऊ नये. कॉइल चोक झालेली असूही शकेल, परंतु ते निदान तपासणीच्या शेवटी निघायला हवे. त्याआधीच्या बहुतेक तपासण्या बोनेट उघडून, थोड्या वेळात आणि जवळपास विनाखर्च होतात. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, त्यामुळे पहाटे प्रवास करणाऱ्याला हीटर ही चैन नाही, हे मान्यच आहे. म्हणूनच निदान नीट व्हावे.

पेट्रोल किंवा डिझेल गाडीतल्या हीटरला बहुतेक वेळा स्वतःची उष्णता नसते. इंजिनात फिरणारे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, इंजिन तापल्यावर साधारणपणे ८० ते ९५ अंश सेल्सिअस एवढे गरम होते. त्यातला काही भाग दोन होस पाईपांवाटे इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्यातून आत येतो, डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरतो आणि परत इंजिनाकडे जातो. या छोट्या रेडिएटरलाच आपल्याकडे हीटरची कॉइल म्हणतात. ब्लोअर तिच्यावरून हवा ढकलतो, आणि मधली एक झडप हवेला कॉइलमधून न्यायचे की तिच्या बगलेने सोडायचे हे ठरवते. खटका फिरवताना आपण बहुतेक गाड्यांत ही झडपच हलवत असतो. म्हणजे गरम हवेसाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात : कूलंट गरम हवे, ते कॉइलमधून वाहायला हवे, आणि हवा कॉइलवरून जायला हवी. यांपैकी नेमके काय बिघडले आहे, हे शोधणे म्हणजेच निदान.

पहिली तपासणी कूलंटच्या पातळीची. ती रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीतच करावी. रिझर्व्ह टाकीवर कमी-जास्त अशा दोन खुणा असतात, कूलंट त्यांच्या मध्ये असावे. गाडीला रेडिएटरचे वेगळे झाकण असेल, तर तेही थंड असतानाच उघडून पाहावे, कारण टाकी भरलेली दिसत असूनही रेडिएटर रिकामा असण्याचे प्रकार घडतात. झाकण खराब झाले किंवा टाकीकडे जाणारी बारीक नळी फुटली, की टाकीतले कूलंट रेडिएटरमध्ये परत ओढले जात नाही. हीटरची कॉइल ही जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या टेलच्या शेतासारखी असते. पाणी कमी पडले की सर्वांत आधी तीच कोरडी राहते. इंजिन तापल्याचे काट्यावर दिसायच्या कितीतरी आधी हीटर गार पडतो तो यामुळे, आणि म्हणूनच हीटरची तक्रार ही केवळ सोयीची तक्रार समजू नये. तो इंजिनाने दिलेला पहिला इशारा असू शकतो.

पातळी बरोबर असेल, तर दुसरी तपासणी दोन होस पाईपांची. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणावी, कारण डिझेल इंजिन उभ्या उभ्या फार सावकाश तापते. दारात गाडी सुरू ठेवून हीटर तपासणाऱ्यांची फसगत येथेच होते. गाडी आणल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवावा, मग इंजिन बंद करून बोनेट उघडावे आणि पत्र्यातून आत जाणाऱ्या दोन्ही पाईपांना हाताची उलटी बाजू क्षणभर लावून पाहावी. पाईप चटका देण्याइतके गरम असू शकतात, म्हणून धरून ठेवू नयेत. इंजिन बंद केले तरी रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होऊ शकतो. बाही, उपरणे, ओढणी त्याच्यापासून दूर ठेवावी.

दोन्ही पाईप सारखेच गरम असतील, तर कूलंट कॉइलमधून व्यवस्थित फिरत आहे आणि दोष हवेच्या बाजूला आहे. एक पाईप कडक गरम व दुसरा कोमट किंवा गार असेल, तर कॉइलमध्ये प्रवाह अडला आहे. ज्या गाड्यांत हीटरच्या पाईपवर वॉल्व्ह असतो, त्यांत तो वॉल्व्ह पूर्ण उघडत नसण्याचीही शक्यता असते. दोन्ही गार असतील, तर कूलंट कॉइलपर्यंत पोचतच नाही. आपल्या गाडीचा काटा मध्यावर असल्याने कूलंट गरम आहे असे मानायला हरकत नाही. हा शेवटचा प्रकार निघाला, तर आधी पाईपात हवा धरली आहे का ते पाहावे. ती कशी काढायची हे पुढे एका उत्तरात आले आहे.

आपल्या पत्रावरून मला झडपेचा संशय अधिक येतो, कारण कॉइल चोक होताना हवा हळूहळू कोमट होत जाते. एकदम गार पडत नाही. जुन्या पद्धतीच्या खटक्यातून झडपेपर्यंत एक तार गेलेली असते. ती क्लिपमधून निसटली, तर खटका फिरतो पण झडप जागची हलत नाही. खटका नेहमीपेक्षा सैल किंवा फारच कडक लागत असेल, तर तेथेच पाहावे. बटणाने तापमान बदलणाऱ्या गाड्यांत तारेऐवजी छोटी मोटर असते. तिची प्लॅस्टिकची दातेरी चाके झिजली, की तापमान बदलताना डॅशबोर्डमधून टकटक आवाज येतो. डाव्या आसनापुढचा कप्पा काढला, की बऱ्याच गाड्यांत टॉर्चच्या उजेडात झडपेची दांडी दिसते. एकाने खटका या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावा आणि दुसऱ्याने दांडी पूर्ण हलते का ते पाहावे. शेतातल्या शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी नेलेल्या चिंध्या आणि कापूस या जागेत सापडतो, तोही तेव्हाच काढून टाकावा.

कॉइल खरोखरच चोक निघाली, तरी ती लगेच बदलावी लागत नाही. दोन्ही होस पाईप काढून, कूलंट ज्या बाजूने बाहेर पडते त्या बाजूने साध्या नळाच्या दाबाने पाणी सोडावे. आधी तांबूस गढूळ पाणी आणि मग पांढऱ्या क्षारांच्या पापुद्र्या बाहेर पडतात. पाणी स्वच्छ आणि मोकळेपणाने वाहू लागले, की डिस्टिल्ड वॉटरने शेवटचे धुवून नवे कूलंट भरावे. कॉम्प्रेसरची हवा लावू देऊ नये. आजकालच्या कॉइलची नळी ॲल्युमिनियमची आणि दोन्ही टोकांच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. जास्त दाबाने त्या सांध्यात फुटतात आणि जो खर्च टाळायचा होता तोच पदरात पडतो. उलट्या बाजूने धुऊनही प्रवाह मोकळा झाला नाही, तर मात्र त्या गॅरेजचे म्हणणे मान्य करून कॉइल बदलावी.

प्रश्न : गेल्या मे महिन्यात लातूर-सोलापूर रस्त्यावर गाडी गरम झाली. तेव्हा मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला आणि ‘आपल्या भागात त्याची गरज नसते’ असे सांगितले. तेव्हापासून गाडी गरम होत नाही. आता हीटर अजिबात चालत नाही आणि पेट्रोलही जास्त लागते. या दोहोंचा संबंध आहे का? रेडिएटरमध्ये आम्ही घरचे बोअरचे पाणी घालतो. (एक औषधविक्रेते, औसा)

उत्तर : थेट संबंध आहे. मराठवाड्यातील हीटरच्या तक्रारींमागे मला वारंवार दिसणारे कारण हेच आहे, आणि ते दुरुस्तीच्या नावाखाली निर्माण केलेले असल्यामुळे त्याविषयी स्पष्टपणे लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो. डिसेंबरात गार पडणारा हीटर पुष्कळदा मे महिन्यातच बिघडवलेला असतो.

थर्मोस्टॅट ही मुठीत मावेल एवढी वस्तू. पितळी डबीत मेण भरलेले असते. ते तापून पातळ होताना फुगते, आतली दांडी ढकलते आणि झडप उघडते. ती कितीला उघडू लागते, तो आकडा, उदाहरणार्थ ८२ किंवा ८८, पुष्कळदा तिच्यावरच कोरलेला असतो. तोवर ती कूलंटला मोठ्या रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन लवकर तापते. ती काढून टाकली, की कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये जाऊन थंड होत राहते. मे महिन्यात, बाहेर ४२-४३ अंश असताना, हे कोणाच्या लक्षात येत नाही. थंडीच्या पहाटे मोकळ्या रस्त्यावर मात्र इंजिन आवश्यक तापमानाला पोचतच नाही. इंजिन अजून थंड आहे असे समजून गाडीचा संगणक जास्त पेट्रोल सोडत राहतो. न जळलेले पेट्रोल आणि ओल ऑइलमध्ये उतरते आणि इंजिनाची झीज वाढते. म्हणजे हीटर बंद पडला हे यातले सर्वांत किरकोळ नुकसान आहे.

‘थर्मोस्टॅट काढला म्हणजे गाडी थंड राहते’ हा समजही सर्व इंजिनांना लागू पडत नाही. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटची दुसरी चकती, इंजिन तापल्यावर, रेडिएटरला वळसा घालणारा आतला मार्ग बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर तो मार्ग कायम उघडा राहतो, काही कूलंट रेडिएटरकडे न जाता आतच फिरते, आणि भर उन्हात घाट चढताना गाडी पूर्वीपेक्षा लवकर तापू शकते. मे महिन्यात गाडी गरम झाली त्याचे मूळ कारण वेगळेच असणार : अडलेला रेडिएटर, न फिरणारा पंखा, दाब न धरणारे झाकण. ते आपल्या गाडीत अजून तसेच असावे, असे मला वाटते.

नवा थर्मोस्टॅट बसवून घ्यावा. त्याची किंमत डॅशबोर्ड उतरवण्याच्या मजुरीपुढे काहीच नाही. बसवण्यापूर्वी त्याची परीक्षा घरच्या स्वयंपाकघरातही करता येते. तो दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात असा टांगावा, की तळाला किंवा कडेला टेकणार नाही. पाणी तापवत न्यावे. कोरलेल्या आकड्याच्या आसपास झडप उघडू लागली आणि त्यापुढे दहा-बारा अंशांत पूर्ण उघडली, पाणी निवल्यावर घट्ट मिटली, तर तो चांगला. हे पातेले पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. ज्या वाचकांच्या गाडीत थर्मोस्टॅट आहे पण उघडाच अडकल्याचा संशय आहे, त्यांनी थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या पाईपाला हात लावून पाहावा. इंजिन नुकतेच सुरू झालेले असताना तो पाईप हळूहळू कोमट होऊ लागला, तर झडप मिटत नाही. चांगल्या थर्मोस्टॅटच्या गाडीत तो बराच वेळ गार राहतो आणि नंतर थोडक्या वेळात गरम होतो.

आता पाण्याविषयी. आपल्याकडे खडक बेसाल्टचा आणि बोअर खोल. त्यामुळे पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळ असतात. पाणी तापले की हे क्षार पांढरा थर बनून बसतात. गिझरच्या रॉडवर तो आपल्याला दिसतो. इंजिनातला दिसत नाही, एवढाच फरक. हीटरच्या कॉइलमधली वाट जेमतेम एक-दोन मिलिमीटरची असते, त्यामुळे ती आधी बुजते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. अशा दिवसांत रेडिएटरमध्ये हाताला लागेल ते पाणी ओतले गेले, याचा दोष मी कोणाला देणार नाही. परंतु आज तयार कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर तालुक्याच्या गावीही मिळते, तेव्हा बोअरचे पाणी घालत राहण्याला काही कारण उरलेले नाही.

कूलंट फक्त गोठण्यापासून वाचवते, म्हणून ते उत्तरेकडच्या गाड्यांना हवे, असा एक समज आपल्याकडे आहे. निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे शुद्ध पाणी यांचे मिश्रण उघड्यावरही १०० ऐवजी साधारण १०६ ते १०८ अंशांना उकळते. झाकणाच्या दाबामुळे ती मर्यादा आणखी वर जाते. शिवाय त्यातली गंजरोधक रसायने ॲल्युमिनियमचे रक्षण करतात. म्हणजे आपल्या उन्हाळ्यालाच त्याची गरज जास्त आहे. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकाराचेच कूलंट घ्यावे. केवळ रंग जुळतो म्हणून दुसऱ्या प्रकारचे त्यात मिसळू नये.

प्रश्न : गाडी घेतल्यावर वर्षभराने जालन्यात सीएनजी किट बसवून घेतले. पहिल्याच हिवाळ्यात हीटर कोमट झाला आणि आता तर गारच असतो. सकाळी गाडी पेट्रोलवरून गॅसवर यायलाही फार वेळ लागतो. (एक बियाणे व्यावसायिक, जालना)

उत्तर : आपण शेवटचे वाक्य लिहिले हे फार चांगले केले, कारण निदानाची किल्ली त्यातच आहे. टाकीत सीएनजी सुमारे २०० बार दाबाखाली असतो. रिड्यूसरमध्ये तो दाब उतरताना गॅस अतिशय थंड होतो, म्हणून रिड्यूसर गोठू नये यासाठी इंजिनाचे गरम कूलंट त्यातून फिरवतात. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये हे कूलंट बहुतेक वेळा हीटरच्या होस पाईपात टी-जॉइंट घालूनच घेतलेले असते. रिड्यूसर ठरावीक तापमानाला पोचल्याशिवाय गाडी गॅसवर येत नाही. म्हणजे हीटर आणि रिड्यूसर दोघांनाही गरम कूलंट उशिरा किंवा कमी मिळत आहे, आणि दोष दोघांच्या सामाईक वाटेवर आहे.

कूलंटची पातळी पाहून झाल्यावर थर्मोस्टॅट तपासावा. तो ठीक असेल, तर टी-जॉइंट पाहावेत. त्यांचे आतले भोक मूळ पाईपापेक्षा बारीक आहे का, पाईप कुठे मुडपला आहे का, आणि रिड्यूसर रेडिएटरच्या झाकणापेक्षा उंचावर बसवला आहे का? तो उंचावर असेल तर हवा तेथे जाऊन बसते आणि प्रवाह अडतो. हे काम किट बसवणाऱ्या अधिकृत केंद्राकडूनच करून घ्यावे. कूलंटचे रबरी पाईप आपण हाताने चाचपून पाहायला हरकत नाही, परंतु गॅसच्या पोलादी नळीला किंवा तिच्या नटांना पाना लावू नये.

प्रश्न : परळीकडून घाट चढताना आमच्या गाडीचा हीटर चांगला चालतो. उतारावर, किंवा गाडी उभी करून इंजिन सुरू ठेवले, की दोन मिनिटांत गार हवा येते. दर महिन्याला थोडे कूलंटही घालावे लागते, पण खाली कुठे गळल्याचे दिसत नाही. (एक डॉक्टर, अंबाजोगाई)

उत्तर : रेस दिली की गरम आणि आयडलिंगला गार, याचा अर्थ कूलंट ढकलणारा जोर कमी पडत आहे. त्याची तीन कारणे संभवतात : कूलंट कमी होऊन हवा धरणे, वॉटर बॉडीची, म्हणजे कूलंट फिरवणाऱ्या पंपाची, पाती झिजणे किंवा कॉइल अर्धवट बुजणे. आपल्या गाडीत कूलंट कमी होत असल्याने पहिले कारण उघड आहे. वरून घालत राहणे हा मात्र त्याचा उपाय नाही.

आधी हवा काढून पाहावी. गाडी थंड असताना, पुढची बाजू किंचित उंच राहील अशी चढावर उभी करावी, हँडब्रेक लावून मागच्या चाकांना दगड लावावा. झाकण उघडून कूलंट काठोकाठ भरावे, हीटर पूर्ण गरमवर ठेवावा आणि इंजिन सुरू करावे. बुडबुडे येऊन पातळी उतरेल तसे भरत जावे. मोठा पाईप हाताने हळूहळू दाबत राहिले, तर अडकलेली हवा सुटते. काही गाड्यांत हीटरच्या पाईपावर हवा काढण्याचा छोटा स्क्रू असतो. तेथून अखंड धार येईपर्यंत तो किंचित सैल ठेवतात. कूलंट गरम होऊन वर चढू लागले, की लगेच झाकण लावावे. एकदा इंजिन तापल्यावर ते झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. दाबाखालचे कूलंट उसळून चेहरा आणि हात भाजल्याच्या घटना दर उन्हाळ्यात घडतात.

हवा काढल्यावर हीटर महिनोन्महिने चालला, तर बाहेरच्या गळतीचा शोध घ्यावा. गरम भागावर पडणारे थेंब वाळून जातात, म्हणून जमिनीवर काही दिसत नाही; पण वॉटर बॉडीच्या खालच्या छिद्रापाशी किंवा क्लॅम्पच्या कडेला कूलंटच्याच रंगाचा डाग आणि कोरडी भुकटी राहते. दाब देऊन तपासण्याचा पंप गॅरेजमध्ये असतो, तो लावायला सांगावे. हवा काही दिवसांतच पुन्हा धरली आणि टाकीत सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटमधून, म्हणजे इंजिन आणि त्यावरचे हेड यांच्यामधल्या सीलमधून, जळलेला वायू कूलंटमध्ये शिरत असण्याचा संभव आहे. त्यासाठी एक साधी रासायनिक चाचणी आहे : टाकीच्या तोंडावर धरलेल्या नळीतील निळे द्रावण पिवळे पडले, तर संशय खरा. असे निघाल्यास गाडी चालवत राहू नये. दोन-चार आठवड्यांच्या हयगयीने हेड वाकते, आणि मग खर्चाचा आकडा अनेक पटींनी वाढतो.

प्रश्न : हीटर लावला की गोडसर वास येतो आणि पुढच्या काचेवर आतून तेलकट थर बसतो. डाव्या बाजूची मॅटही ओली होते. मेकॅनिकने हीटर बायपास करून देतो असे सांगितले आहे. करावे का? (एक गृहिणी, नांदेड)

उत्तर : ही तिन्ही लक्षणे एकत्र असतील, तर कॉइल गळत आहे हे जवळजवळ निश्चित. मॅट केवळ एसीचे पाणी निघण्याची नळी तुंबल्यानेही ओली होते, पण ते पाणी साधे असते. कूलंट बोटांना बुळबुळीत लागते आणि त्याला रंग असतो. ते चाखून पाहू नये. त्यातले एथिलिन ग्लायकॉल विषारी आहे आणि त्याची गोडी लहान मुले व जनावरे यांना फसवते, म्हणून सांडलेले कूलंट भरपूर पाण्याने धुऊन काढावे आणि उरलेले कुलुपात ठेवावे.

बायपास करणे, म्हणजे दोन्ही पाईप आत न नेता बाहेरच एकमेकांना जोडणे, हा नवी कॉइल येईपर्यंतचा तात्पुरता उपाय म्हणून योग्य आहे. पाईपांची तोंडे बुजवू मात्र नयेत, कारण काही इंजिनांत हा मार्ग कूलंटच्या फेऱ्यासाठी आवश्यक असतो. बायपास कायमचा ठेवण्याला माझा विरोध आहे. गोदाकाठी हिवाळ्यात धुके उतरते आणि पावसाळ्यातही काचेवर आतून दव धरते; ते सर्वांत लवकर जाते एसी आणि हीटर एकत्र लावून, हवा काचेकडे सोडल्यावर. एसी हवेतली ओल काढतो, हीटर काच तापवतो. या उपयोगासाठी हीटर वर्षभर हवा. पुढे गाडी विकताना असा बायपास खरेदीदाराला सांगितला जात नाही आणि तो बिचारा हिवाळ्यात थर्मोस्टॅट बदलत बसतो, हेही मी पाहिले आहे.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडीत इंजिन नाही, मग हीटर चालतो कशावर? माझ्या गाडीत थंडीत तो चालू केला की रेंज कमी दिसते. हा दोष आहे का? (एक अभियंता, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : दोष नाही. तेथे बॅटरीच्या विजेवर तापणारा पीटीसी हीटर असतो, काही गाड्यांत बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारा हीट पंप असतो, आणि दोन्ही वीज घेतात. गाडी चार्जरला जोडलेली असतानाच आतून तापवून घेतली, तर रेंजवरचा भार कमी होतो. हीटर मुळीच चालत नसेल, तर स्वतः काही उघडू नये. नारिंगी आवरणाच्या तारांत प्राणघातक दाबाची वीज असते.

प्रश्न : गाळपाच्या हंगामात साखर कारखान्याच्या आवारात गाडीतच रात्र काढावी लागते. इंजिन सुरू ठेवून हीटर लावून झोपले तर चालेल का? (एक वाहनमालक, माजलगाव)

उत्तर : नाही. उभ्या गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड सायलेन्सरच्या गळतीतून किंवा बाहेरच्या हवेबरोबर आत येऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. भिंतीलगत, दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मध्ये किंवा शेडमध्ये उभ्या केलेल्या गाडीत हा धोका अधिक वाढतो. हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण लावल्यानेही बचाव होत नाही. झोपण्यापूर्वी गाडी चालवून आतली हवा गरम करून घ्यावी, इंजिन बंद करावे, समोरासमोरच्या दोन काचा बोटभर खाली ठेवाव्यात आणि घोंगडी किंवा रजई बरोबर बाळगावी. गाडीत बसल्यावर डोके दुखू लागले, मळमळले किंवा गरगरले, तर तत्काळ बाहेर पडून मोकळ्या हवेत जावे, आणि सायलेन्सरचे सांधे तपासून घेतल्याशिवाय त्या गाडीचा हीटर पुन्हा लावू नये.